वणव्याला शीव कळत नाही

मी डोंबिवलीहून बोलतेय. आमच्या ओळखीच्या एका गटाने गावामागच्या टेकडीवर रोपं लावली, दोन उन्हाळे पाणी घालून जगवली. तिसऱ्या उन्हाळ्यात पलीकडून वणवा आला आणि एका रात्रीत सगळं जळालं. आपल्या बाजूला बायांनी जाळरेषा काढली होती. पलीकडच्या गावाशी मात्र कुणी बोललंच नव्हतं. म्हणून आज गडचिरोलीची गोष्ट सांगते.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे लहानसं गोंड गाव. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ असं म्हणत या गावाने जंगल राखायला घेतलं. २००६ साली वनहक्क कायदा झाला. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी आपलाच बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. त्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं ते २७ एप्रिल २०११ रोजी.

हक्क मिळाला, तरी एकटं गाव व्यापाऱ्यापुढे किती टिकणार? जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, छत्तीसगडच्या सीमेवर कोरची तालुका आहे. तिथल्या लहान लहान ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली. आपला ग्रामसंघ, प्रभागसंघ असतो ना, तसंच. तेंदूपानाचा भाव ठरवताना आता सगळी गावं एकत्र बसतात. प्रत्येक गावातून दोन बाया आणि दोन पुरुष जातात. बायांना ही जागा कुणी आपणहून दिली नाही. बचत गटांतून बोलायला शिकलेल्या बायांनी ती मागून घेतली.

पूर्वी तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणून जंगलात आग लावत, झुडपं छाटत. गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभांनी त्याविरुद्ध नियम केले. उभं झाड हवेतला कार्बन धरून ठेवतं. जळालं की तोच कार्बन परत हवेत जातो, आणि उघड्या जमिनीतली ओलही जाते. हवामान बदलाचं काम म्हणतात ते हेच. ते एका गावाच्या शिवेत मावत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीला शेजारच्या गावातल्या एका गटाला बोलवा. जाळरेषा कुठून काढायची आणि पहारा कोणी कधी द्यायचा, एवढं होळीच्या आधी ठरवा. आमच्या त्या गटाने पुन्हा रोपं लावलीत. या वेळी खड्डे खणायला पलीकडच्या गावच्या बायाही होत्या.