येवल्याच्या शाळांचें दप्तर व ग्रंथिक सन्निपाताची सांथ

ताम्रपट, सनदा आणि महजर यांच्या शोधार्थ संशोधक गांवोगांवचीं माळवदें धुंडाळतात. त्याच गांवच्या मराठी शाळेच्या कपाटांतील जनरल रजिस्टर मात्र उघडून पाहावेंसें त्यांस क्वचितच वाटतें. ही उपेक्षा योग्य नव्हे. आपत्तीच्या वेळीं शाळांनीं मुलांचा बचाव कसा केला, अगर केलाच नाहीं, हें ठरविण्यास याहून जवळचें साधन नाहीं. उदाहरणार्थ येवलें घेऊं.

येवलें हें पेशवाईंत विंचूरकरांकडे असलेलें व रेशमी विणकामानें नांवाजलेलें गांव. १८५८ सालीं तेथें नगरपालिका झाली. १८७८ सालीं दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू होऊन गांव मुंबई-पुण्याशीं जोडलें गेलें. व्यापाराची हीच वाट पुढें रोगासही मोकळी होती. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस ग्रंथिक सन्निपात प्रगट झाला. पुण्यांतील घरझडत्या व त्यांतून उद्भवलेला २२ जून १८९७ चा प्रसंग वाचकांस विदितच आहे. त्याच सालीं १० मार्च रोजीं सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सांथीस बळी पडल्या. १८९९ सालीं नाशिक जिल्ह्यांतच, भगूर येथें, दामोदरपंत सावरकर याच रोगानें वारले.

४ फेब्रुवारी १८९७ चा सांथीच्या रोगांचा कायदा मूळचा अवघ्या चार कलमांचा होता. आगगाडीचे उतारू तपासणें, रोग्यांस वेगळें ठेवणें यांचे अधिकार त्यानें सरकारास दिले. शाळा हा शब्द त्यांत एकदांही आलेला नाहीं! पंतोजीनें काय करावें, हें त्यांत सांगितलें नव्हतें. रयतेचा नियम एवढाच कीं, उंदीर पडूं लागले म्हणजे गांव सोडावें व शेतांत झोपड्या घालाव्या. मुलें घरच्यांबरोबर बाहेर पडत आणि शाळा आपोआप ओस पडे.

परंतु कुणब्यास शेत असे; विणकराचा माग घरांतच खड्डा करून बसविलेला. तो उचलून माळावर नेणें सोपें नव्हे, आणि कांड्या भरणारीं मुलेंही मागापाशींच अडकणार. म्हणून येवल्यासारख्या गांवीं एकाच वर्गाची हजेरी धंद्यापरत्वें वेगवेगळ्या वेळीं तुटली असावी, असा माझा तर्क आहे. रजिस्टरांत नांव, जात, दाखल झाल्याचा व शाळा सोडल्याचा दिनांक आणि सोडण्याचें कारण यांचे रकाने असतात. जात व आडनांव यांवरून धंदाही बहुधा कळतो. मात्र एक सावधगिरी हवी. १८९६-९७ व १८९९-१९०० हीं दुष्काळाचींही वर्षें होतीं. दुष्काळी कामावर गेलेलें मूल व सांथीमुळें रानांत गेलेलें मूल हजेरीपटावर सारखेंच गैरहजर दिसतें. तपासनिसाच्या शेरेबुकाशीं ताडून पाहिल्यावांचून निर्णय करूं नये.

अशा कागदांची योग्यता कोणास अतिशयोक्त वाटेल, त्यानें साताऱ्याचें उदाहरण आठवावें. तेथील शाळेच्या रजिस्टरांत ७ नोव्हेंबर १९०० रोजीं १९१४ व्या क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर हें नांव आहे. ह्याच पुरुषानें १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं येवल्यास धर्मांतराची घोषणा केली. ती एक ओळ शाबूत राहिली म्हणून शाळाप्रवेशाची तिथि निश्चित झाली व २०१७ पासून महाराष्ट्रांत तो विद्यार्थिदिन मानला जाऊं लागला.

मार्च २०२० मध्यें महाराष्ट्र सरकारनें १८९७ चाच कायदा पुन्हां लागू केला आणि शाळा बंद झाल्या. मधल्या काळांत, १६ जुलै २००४ रोजीं, कुंभकोणमच्या शाळेस आग लागून ९४ मुलें दगावलीं होतीं. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शाळांच्या सुरक्षिततेविषयीं आदेश दिले होते. पण आग वेगळी व सांथ वेगळी. सांथींत शाळा किती दिवस बंद राहिली, किती मुलें परत आलीं, याचा पूर्वानुभव शाळांच्याच कपाटांत पडून होता. तो कोणीं विचारला नाहीं.

एका शाळेंत, नांव देत नाहीं, असलीं रजिस्टरें वाळवीनें खाल्लेलीं व रद्दीसाठीं बांधलेलीं मीं स्वतः पाहिलीं आहेत. येवलें व आसपासच्या सभासदांस विनंति कीं, १८९६ पासून १९०२ पर्यंतचीं जीं रजिस्टरें हातीं येतील त्यांतून शाळा सोडल्याचा दिनांक व कारण हे दोन रकाने तरी, मोडींत असल्यास मोडीसह, उतरून घ्यावे.