वलंदेजांनी आपल्याकडे काय ठेवलं?

रत्नागिरीत परकीयांचा विषय निघाला की गप्पा थिबा राजावर नाहीतर इंग्रजांवर येऊन थांबतात. वलंदेज कुणाला आठवत नाहीत. वलंदेज म्हणजे डच. १६३७ साली त्यांनी वेंगुर्ल्याला वखार घातली. वेंगुर्ला १९८१ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं, त्यामुळे हा इतिहास आपलाही आहे.

तेव्हा तिथे आदिलशाहीचा अंमल होता. डचांना मिरी हवी होतीच, पण खरा डोळा गोव्यावर. त्यांची जहाजं गोव्याची नाकेबंदी करायची आणि त्यांना रसद, बातम्या मिळायच्या वेंगुर्ल्यातून. शतक संपायच्या आत त्यांनी तिथून गाशा गुंडाळला.

मागे काय राहिलं? वखारीच्या पडक्या भिंती. आणि भाषेत 'वलंदेज' हा शब्द, तोही पोर्तुगीजांच्या तोंडून आलेला! उलट ज्यांच्यावर पाळत ठेवायला डच आले, त्या पोर्तुगीजांनी आपल्याला पाव, चावी, पगार हे शब्द दिले. हापूस हे नाव त्यांचं, काजूचं झाडही त्यांनीच आणलेलं. आज वेंगुर्ल्याचं नाव शेतकऱ्याच्या तोंडी आहे ते काजूच्या जातींमुळे.

मग डचांना कुठे मिसळताच येत नव्हतं का? तसं नाही. त्याआधी, सोळाव्या शतकात, धर्मछळाला कंटाळलेले डच शेतकरी बायकापोरांसह पोलंडमध्ये व्हिस्टुला नदीच्या मुखाशी राहायला गेले. पाणथळ जमीन होती. त्यांनी चर खणले, बांध घातले, पवनचक्क्यांनी पाणी उपसून शेती उभी केली. ती पद्धत तिथे इतकी रुजली की पुढे तशा करारावर वसलेल्या गावांना 'ओलेंडर', म्हणजे डचांची, म्हणू लागले. मग राहणारे पोलिश असोत की जर्मन.

फरक माणसांच्या वंशात नाही, येण्याच्या कारणात आहे. तिकडे बिऱ्हाडं गेली, इकडे कंपनीचे नोकर आले. आपल्या राज्यकर्त्यांनी हे नेमकं ओळखलं होतं. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्य बजावतात की टोपीकर इतर सावकारांसारखे नव्हेत. त्यांना वखारीसाठी समुद्रकाठी जागा देऊ नये, पक्की इमारत बांधू देऊ नये. त्या टोपीकरांच्या यादीत वलंदेजही आहेत.

तरी डचांनी एक गोष्ट मागे ठेवली आहे, फक्त ती आपल्याकडे नाही. कागद! वखारीतले लोक गोव्याच्या, विजापूरच्या, शिवाजी महाराजांच्या हालचाली वरिष्ठांना कळवत. कंपनीचं दप्तर आज हेगला जपलेलं आहे आणि २००३ मध्ये युनेस्कोने त्याची 'जागतिक स्मृती' (मेमरी ऑफ द वर्ल्ड) नोंदवहीत नोंद केली. ते सतराव्या शतकातल्या डच भाषेत आहे.

वेंगुर्ल्याची वखार राज्य संरक्षित स्मारक आहे. तिच्या भिंती वाचायलाच हव्यात, पण निव्वळ भिंती बोलत नाहीत. आपल्या कॉलेजांनी, इतिहास मंडळांनी दोन-तीन होतकरू मुलांना जुनी डच शिकायला मदत करावी, असं मला मनापासून वाटतं. जयंतीच्या मिरवणुकांसाठी आपण वर्गणी काढतोच. आपल्याच किनाऱ्याबद्दल लिहिलेले कागद आपल्या माणसाने वाचावेत, यासाठी का काढू नये?