रोखलेली बातमी

सकाळी दारात येऊन पडणारे वर्तमानपत्र आपण चहाबरोबर चाळतो. ते जेथे घडते त्या दालनात जाण्याचा योग मात्र थोड्यांनाच येतो. पत्रकारितेचे विद्यार्थी तेथे प्रथम पाऊल टाकतात, तेव्हा तेथील गजबजीने भांबावून जातात. त्या गजबजीचा अर्थ इतिहासाच्या आधारेच उमगतो, असे आम्हांस वाटते.

६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ निघाले, तेव्हा त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर स्वतःच विद्यार्थ्याच्या वयाचे, जेमतेम विशीचे होते. एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारी मराठी, असे ते पत्र होते. पुढे दैनिके आली, तारयंत्र आले आणि संपादनाचे काम अनेक हातांत विभागले गेले.

१९७०च्या दशकातील मराठी दैनिकाची रात्र डोळ्यांसमोर आणावी. कोपऱ्यात टेलिप्रिंटर खडखडत असत. वृत्तसंस्थांचा इंग्रजी मजकूर उपसंपादक भराभर मराठीत उतरवीत. पलीकडे जुळारी खिळे जुळवीत आणि मुद्रितशोधक ओल्या मुद्रितांवर खुणा करीत. दूरच्या गावांची डाक आवृत्ती आधी सोडावी लागे, कारण गाडी कोणासाठी थांबत नसे. एवढ्या घाईतही एक प्रश्न विचारला जाई : ही माहिती कोणी दिली, आणि तिची खात्री केली काय? उत्तर नसेल तर बातमी बाजूला ठेवली जाई. बातमी रोखण्याचा हा अधिकार विवेकाचा होता.

१९७५ साली तो अधिकार दुसऱ्यांच्या हाती गेला. २५ जूनच्या रात्री दिल्लीतील बहादूरशाह जफर मार्गावरील वृत्तपत्रांची वीज तोडण्यात आली. आणीबाणी जाहीर झाली व छपाईपूर्वीच मजकूर तपासण्याचा हुकूम निघाला. २८ जूनला ‘इंडियन एक्स्प्रेस’ने दिल्लीत अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्याच दिवशी ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या मुंबई आवृत्तीत, छोट्या जाहिरातींमध्ये, एक इंग्रजी मृत्युवार्ता छापून आली. २६ जूनला निवर्तलेल्या त्या गृहस्थाचे नाव जोडून वाचले की ‘लोकशाही’ असा शब्द होई. पत्नीच्या नावात सत्य, मुलाच्या नावात स्वातंत्र्य, आणि भावंडे श्रद्धा, आशा व न्याय! आपल्या घरांत मृत्युवार्तांचा स्तंभ किती बारकाईने वाचला जातो, हे आपण जाणतोच. तपासनिसांनी मात्र तो तसा वाचला नाही.

१९७६च्या फेब्रुवारीत पीटीआय, यूएनआय, समाचार भारती आणि हिंदुस्थान समाचार या चार वृत्तसंस्था मिळून ‘समाचार’ ही एकच संस्था करण्यात आली. यंत्रे चालूच होती, उपसंपादकही आपापल्या जागी होते. पण एका संस्थेची बातमी दुसरीशी ताडून पाहण्याची सोय उरली नव्हती. १९७८ साली त्या संस्था पुन्हा वेगळ्या झाल्या.

खिळे गेले, टेलिप्रिंटरही मूक झाले; आज संगणकाच्या पडद्यावर पान लागते. प्रथमच त्या दालनात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना आम्ही एवढेच सुचवू, की छापली जाणारी बातमी तर पाहावीच. पण एखादी बातमी थांबली असेल, तर ती कोणी थांबवली आणि कशासाठी, हेही नम्रपणे विचारावे. वृत्तपत्राचे आरोग्य त्या उत्तरात कळते.