अल्पमात्रा प्रारण : सुरक्षिततेच्या मर्यादेचा इतिहास

क्ष-किरणांच्या आरंभीच्या काळात प्रारणाचा धोका त्वचेच्या दाहावरून, म्हणजे दिसणाऱ्या इजेवरून, ठरविला जाई. १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने दिवसाला ०.२ राँटजेन ही ‘सह्य मात्रा’ मानली, ती याच भूमिकेतून. वस्तुतः क्ष-किरणांमुळे फळमाशीत उत्परिवर्तने घडतात, हे हर्मन मुलर यांनी १९२७ मध्येच दाखविले होते. तथापि अत्यल्प मात्राही निर्धोक नसते, हे गृहीतक नियमनात रुजण्यास १९५० चे दशक उजाडावे लागले. हिरोशिमा-नागासाकीतून बचावलेल्यांच्या मात्रांचे फेरमूल्यमापन झाल्यावर १९९० मध्ये कामगारांची वार्षिक मर्यादा ५० वरून सरासरी २० मिलिसिव्हर्टवर आली.

केरळमधील करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियमयुक्त मोनाझाइट आहे. तेथील सुमारे ७०,००० रहिवाशांच्या पाहणीत (२००९) नैसर्गिक प्रारणामुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. उलट फ्रान्स, ब्रिटन व अमेरिकेतील ३,०९,९३२ अणुकामगारांच्या अभ्यासात (२०२३) मात्रेबरोबर कर्करोगाने होणारे मृत्यू वाढलेले दिसले. हे निष्कर्ष परस्परविरोधी म्हणणे घाईचे ठरेल. लहानसा धोका उघड करण्यास केरळमधील रुग्णसंख्या कदाचित अपुरी होती. सर्वसामान्य नागरिकांसाठीची वार्षिक १ मिलिसिव्हर्टची मर्यादा नैसर्गिक प्रारणाला लागू नसते. परिणामी अणुभट्टीशेजारच्या वस्तीस मिळणारे संरक्षण या वाळूवरील घरांना लाभत नाही.