करबलावरील हेलिकॉप्टर हल्ला (२००३)

करबलावरील हेलिकॉप्टर हल्ला ही इराक युद्धाच्या प्रारंभीच्या दिवसांतील एक लष्करी कारवाई होती. २३ व २४ मार्च २००३ च्या दरम्यानच्या रात्री अमेरिकी भूसेनेच्या ११व्या अटॅक हेलिकॉप्टर रेजिमेंटच्या अपाची हेलिकॉप्टरांनी करबला शहराच्या परिसरातील इराकी रिपब्लिकन गार्डच्या मदिना डिव्हिजनवर चाल केली. ३१ हेलिकॉप्टरांपैकी एक उड्डाणाच्या वेळीच कोसळले, एक इराकी हद्दीत खाली पडले आणि परतलेल्या २९ पैकी बहुतेक सर्वांना गोळ्या लागलेल्या होत्या. मदिना डिव्हिजनची मात्र फारशी हानी झाली नाही. हेलिकॉप्टरांच्या मोठ्या ताफ्याने शत्रूच्या मुलखात खोलवर हल्ला करण्याच्या पद्धतीचा पुनर्विचार या घटनेमुळे सुरू झाला.

पार्श्वभूमी

अपाची हे दोन वैमानिकांचे हल्लेखोर हेलिकॉप्टर असून त्यावर ३० मिलिमीटर व्यासाची तोफ, रॉकेटे आणि रणगाडाभेदी हेलफायर क्षेपणास्त्रे असतात. शीतयुद्धाच्या काळात युरोपमध्ये सोव्हिएत रणगाड्यांच्या मोठ्या फौजांशी लढावे लागेल, या अपेक्षेने त्याची रचना झाली. शत्रूच्या आघाडीमागे असलेल्या राखीव चिलखती तुकड्या लढाईत उतरण्यापूर्वीच त्यांच्यावर रात्रीच्या अंधारात हेलिकॉप्टरांच्या संपूर्ण पलटणीनिशी तुटून पडायचे, ही त्यामागील कल्पना होती. या डावपेचाला ‘खोल हल्ला’ म्हटले जाई.

१९९१ च्या आखाती युद्धात अपाचीने लौकिक मिळवला. १७ जानेवारी १९९१ रोजी त्या युद्धातील हवाई मोहिमेच्या आरंभी आठ अपाची हेलिकॉप्टरांनी पश्चिम इराकमधील रडार केंद्रे उद्ध्वस्त केली होती. १९९९ च्या कोसोव्हो संघर्षात २४ अपाची हेलिकॉप्टरे अल्बानियात नेण्यात आली. परंतु ती प्रत्यक्ष लढाईत उतरवली गेली नाहीत. त्यामुळे मोठ्या ताफ्याच्या खोल हल्ल्याची खरी कसोटी २००३ मध्येच लागली.

नियोजन आणि विलंब

२० मार्च २००३ रोजी कुवेतमधून सुरू झालेली अमेरिकी भूसेनेची चढाई तीन दिवसांत नजफच्या परिसरापर्यंत पोहोचली. बगदादकडे जाणारा पुढील मार्ग करबलाजवळून जात होता आणि त्या वाटेवर मदिना डिव्हिजन होती. तिचे रणगाडे व तोफा भूसेना पोहोचण्यापूर्वी निकामी करण्याचे काम पाचव्या कोरने ११व्या रेजिमेंटकडे सोपवले. त्यासाठी नजफजवळ नुकत्याच ताब्यात आलेल्या वाळवंटी जागेवर तात्पुरता तळ उभारण्यात आला.

इंधनाचे टँकर या तळावर वेळेत पोहोचू शकले नाहीत. उपलब्ध इंधनात रेजिमेंटमधील सर्व हेलिकॉप्टरे उडवणे शक्य नव्हते आणि उड्डाणाची वेळही पुढे ढकलावी लागली. हेलिकॉप्टरांच्या मार्गावरील विमानवेधी ठाणी दडपण्यासाठी तोफखाना व विमाने यांचा मारा आधीच ठरवण्यात आला होता. उड्डाण लांबणीवर पडल्यावर या माऱ्याचा आणि हेलिकॉप्टरांच्या आगमनाचा मेळ राहिला नाही. हेलिकॉप्टरे लक्ष्याजवळ पोहोचली तेव्हा त्या माऱ्याचा परिणाम ओसरला होता. शिवाय इराकी तुकड्यांच्या नेमक्या ठिकाणांविषयीची माहितीही अपुरी होती.

हल्ला

तळावरील जमीन मऊ, पिठासारख्या धुळीची होती. हेलिकॉप्टरच्या पात्यांमुळे खाली येणाऱ्या हवेच्या झोताने अशी धूळ उसळते आणि वैमानिकाला जमीन दिसेनाशी होते. अनेक हेलिकॉप्टरे एकाच ठिकाणाहून पाठोपाठ उडत असतील, तर पहिल्याने उडवलेला लोट खाली बसण्यापूर्वीच दुसऱ्याला निघावे लागते. अशाच धुळीत एक अपाची उड्डाण करताच कोसळले.

उरलेली हेलिकॉप्टरे गटागटाने उत्तरेकडे निघाली. त्यांच्या मार्गाखाली वस्त्या, शेते, खजुराच्या बागा आणि विजेच्या तारा होत्या. तारांमुळे फार खालून उडणे धोक्याचे होते, तर उंची वाढवल्यास हेलिकॉप्टर जमिनीवरून सहज दिसत होते. करबलाजवळ परिसरातील दिवे अचानक काही क्षण मालवले गेले व पुन्हा लागले. हा गोळीबार सुरू करण्याचा इशारा असल्याचे नंतर मानले गेले. त्यानंतर घरांच्या आडून व बागांमधून रायफली, मशीनगन, रॉकेट-प्रक्षेपक आणि विमानवेधी तोफा यांचा चोहोबाजूंनी मारा सुरू झाला. मारा करणारे वस्तीत मिसळलेले असल्याने वैमानिकांना प्रत्युत्तर देणे कठीण गेले. बहुतेक हेलिकॉप्टरांना मुख्य लक्ष्यापर्यंत न पोहोचताच माघारी फिरावे लागले.

हानी आणि युद्धकैदी

परतलेल्या हेलिकॉप्टरांवर सरासरी १५ ते २० गोळ्यांच्या खुणा होत्या. अनेकांची पाती, इंजिने व इतर यांत्रिक भाग निकामी झाले होते. तरीही जबर मार खाऊन ही यंत्रे तळापर्यंत परतली, ही बाब अपाचीच्या मजबूत बांधणीचा पुरावा म्हणून नोंदली गेली.

इराकी हद्दीत उतरावे लागलेल्या अपाचीचे दोन्ही वैमानिक पकडले गेले. इराकी दूरचित्रवाणीने त्यांची, तसेच शेतात जवळजवळ अखंड उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरची दृश्ये प्रसारित केली. एका शेतकऱ्याने जुन्या रायफलीने ते पाडल्याचा दावा इराकी सरकारने केला. तो प्रचाराचा भाग होता. १३ एप्रिल २००३ रोजी अमेरिकी मरीन सैनिकांनी बगदादच्या उत्तरेस सात युद्धकैद्यांची सुटका केली. त्यांत या दोन वैमानिकांचा समावेश होता.

कारणमीमांसा

या अपयशामागे एकच कारण नव्हते. इंधनाची टंचाई, माहितीची उणीव, तोफखान्याशी तुटलेला मेळ आणि भूप्रदेश या सर्वांचा त्यात वाटा होता. मोठ्या ताफ्याचा लाभ असा की एकाच वेळी अनेक लक्ष्यांवर मारा करता येतो. परंतु ताफा जितका मोठा, तितके त्याला इंधन अधिक लागते, उड्डाणास वेळ अधिक लागतो आणि त्याचा आवाज दूरवर पोहोचून शत्रू सावध होतो. पहिल्या गटाने जागे केलेल्या मार्गावरूनच मागच्या गटांना जावे लागते. टेकड्यांच्या आड दबा धरून दुरून क्षेपणास्त्र सोडण्याची अपाचीची मूळ पद्धत सपाट व दाट वस्तीच्या प्रदेशात उपयोगी पडली नाही.

परिणाम

२८ मार्च २००३ रोजी १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या अपाची हेलिकॉप्टरांनी मदिना डिव्हिजनवर पुन्हा हल्ला केला. या वेळी तोफखाना आणि लढाऊ विमाने यांचा हेलिकॉप्टरांशी प्रत्यक्ष समन्वय ठेवण्यात आला, त्यामुळे कारवाईला अधिक यश मिळाले. पुढील काळात इराकमध्ये अपाचीचा वापर प्रामुख्याने लहान गटांत, सशस्त्र टेहळणीसाठी आणि जमिनीवरील सैनिकांच्या साहाय्यासाठी होऊ लागला. एका जागी स्थिर तरंगण्याऐवजी सतत गतिमान राहून मारा करण्यावर प्रशिक्षणात भर देण्यात आला. चढाई करणाऱ्या हेलिकॉप्टर ताफ्याला इतर दलांच्या माऱ्याचा आधार किती आवश्यक असतो, याचे उदाहरण म्हणून ही कारवाई अभ्यासली जाते.