हौशी रेडिओ : नीच कंप्रतेवरील शक्तिमर्यादा

३० ते ३०० किलोहर्ट्‌झ या नीच कंप्रता-पट्ट्यात (तरंगलांबी १ ते १० किमी.) प्रक्षेपण करणाऱ्या हौशी व्यक्तींनी किती शक्ती वापरावी, याविषयीचे निर्बंध. वरवर हा प्रश्न एका आकड्याचा वाटतो. परंतु ती शक्ती कोठे मोजावयाची, हाच त्यातील कळीचा मुद्दा ठरला आहे. प्रेषकाला पुरविली जाते ती आदान शक्ती, प्रेषकातून बाहेर पडते ती प्रदान शक्ती व आकाशकातून (अँटेनातून) प्रत्यक्ष अवकाशात जाते ती प्रारित शक्ती होय.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९१२ च्या रेडिओ अधिनियमाने हौशी केंद्रांना २०० मी. वा त्याहून कमी तरंगलांबीचे बंधन घातले व आदान शक्तीची मर्यादा १ किलोवॉट ठरविली. नाविक व लष्करी केंद्रांच्या ५ सागरी मैलांच्या परिसरात ती निम्मी होती. दूरच्या संदेशवहनास दीर्घ तरंगच उपयुक्त, अशी त्या काळी समजूत असल्याने ते नौदल व व्यापारी केंद्रांकडे राहिले. तथापि नोव्हेंबर १९२३ मध्ये हौशी प्रेषकांनीच सु. ११० मी. तरंगलांबीवर अटलांटिकपार दुतर्फा संदेशवहन साधले व निरुपयोगी मानलेल्या लघुतरंगांचे महत्त्व सिद्ध झाले.

दीर्घ तरंगांकडे परतण्याची वाट मात्र अरुंद होती. अमेरिकेत १६०—१९० किलोहर्ट्‌झ पट्टा विनापरवाना वापरता येतो. पण तेथे आदान शक्ती १ वॉट आणि आकाशक, त्याची जोडतार व भूसंपर्कतार मिळून लांबी १५ मी. यांहून अधिक चालत नाही. १३६ किलोहर्ट्‌झला तरंगलांबी सु. २,२०० मी. असून पाव तरंगलांबीचा आकाशकही ५५० मी. उंच लागेल. घराच्या अंगणात उभारता येणाऱ्या १५—२० मी. उंचीच्या आकाशकाचा प्रारण-रोध ओहमच्या काही शतांशांइतकाच असतो, तर जमीन व वेटोळे यांतील व्ययरोध काही दशक ओहम भरतो. त्यामुळे बहुतेक शक्तीची उष्णता होते आणि १ वॉटचे प्रारण घडविण्यास प्रेषकातून कित्येकशे वॉट द्यावे लागतात. म्हणूनच १ वॉट आदान व १ वॉट प्रारण या दोन मर्यादांत सहस्रपटीहून अधिक अंतर पडते.

ब्रिटनने १९९६ मध्ये ७३ किलोहर्ट्‌झलगतचा पट्टा प्रारित शक्तीची १ वॉट मर्यादा घालून दिला (तो २००३ मध्ये परत घेतला). १९९७ च्या यूरोपीय शिफारशीनंतर १३५·७—१३७·८ किलोहर्ट्‌झ पट्टाही तेथील देशांत खुला होऊ लागला. अमेरिकन रेडिओ रिले लीग या हौशी संघटनेने १९९८ मध्ये अशीच मागणी केली. त्यावर फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २००२ मध्ये १ वॉट प्रारित व १०० वॉट प्रदान शक्ती अशी दुहेरी मर्यादा प्रस्तावित केली. वरील गणितानुसार लहान आकाशकाच्या बाबतीत यांतील दुसरी मर्यादाच प्रत्यक्षात आड येणार होती.

या प्रस्तावाला वीजकंपन्यांनी विरोध केला. उच्च दाबाच्या तारांवरूनच नीच कंप्रतेचे वाहक संकेत पाठवून त्या दोषग्रस्त वाहिनी तोडणारे संरक्षक रिले चालवितात. या संकेतांना परवान्याचे संरक्षण नाही. हौशी सेवेला अधिकृत पट्टा मिळाल्यास तक्रार आल्यावर वीजकंपन्यांनाच माघार घ्यावी लागली असती. वीजजालाच्या सुरक्षिततेचा विचार करून आयोगाने २००३ मध्ये प्रस्ताव फेटाळला.

२००७ च्या जिनीव्हा येथील जागतिक रेडिओ परिषदेने हा पट्टा दुय्यम सेवा म्हणून जगभर हौशी वापरास दिला व समदिक् तुल्य प्रारित शक्तीची (सर्व दिशांना सारखे प्रारण करणाऱ्या कल्पित आकाशकाच्या तुलनेने मोजलेल्या शक्तीची) मर्यादा १ वॉट ठरविली. अमेरिकेने २०१७ मध्ये ती स्वीकारली. मात्र प्रदान शक्ती १·५ किलोवॉटपर्यंत वाढू दिली. संकेतवाहक वीजवाहिनीपासून आकाशक किमान १ किमी. दूर असावा, त्याची उंची ६० मी. हून जास्त नसावी आणि प्रक्षेपणापूर्वी वीजकंपन्यांच्या परिषदेला सूचना द्यावी, अशा अटी घातल्या. २००२ मध्ये सुचविलेली प्रारणाची मर्यादा कायम राहिली, प्रेषकावरील मर्यादा मात्र पंधरापट सैल झाली. वीजजालाचे रक्षण मुख्यतः अंतराच्या अटीवर सोपविल्याने हे शक्य झाले.