संकटकाळात पनवेल तग धरेल का? कर्नाळ्याची कोठारे आणि खाडीचे बांध

१/ बाहेरच्या वाटा तुटल्या तर एखादा प्रदेश स्वतःच्या बळावर किती काळ जगेल? पनवेलला हा प्रश्न नवा नाही. त्याचे एक उत्तर कर्नाळ्याच्या खडकात कोरलेले आहे.

२/ कर्नाळ्याच्या सुळक्याच्या तळाशी पाण्याची टाकी आणि धान्याची कोठारे आहेत. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये घेतलेला हा गड १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये परत आला. वेढ्यात तग धरण्याची सोय तेथे चोख होती. मात्र ती शिबंदीपुरतीच.

३/ पायथ्याची रयत जगली ती भात, मीठ आणि मासळीवर. खाडीकाठी मातीचे बांध घालून भरती अडवली जाई. उघाडीतून पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडले जाई. एका जागी बांध फुटला, की साऱ्यांच्या खाचरांत खारे पाणी शिरे. म्हणून बांधाची राखण हे एकट्याचे काम नव्हते. या जमिनींसाठी मुंबई प्रांताने १९४८ मध्ये स्वतंत्र कायदा केला.

४/ गावाची तहान वडाळे, कृष्णाळे, देवाळे यांसारख्या तलावांशी बांधलेली होती. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या नगरपालिकेने पुढे देहरंगचे धरण बांधले. आज तेवढे पाणी पुरत नाही. शहराला बाहेरून पाणी घ्यावे लागते.

५/ स्वावलंबनाचा आधुनिक प्रयोगही याच तालुक्यात झाला. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या युसुफ मेहेरअली सेंटरने तारा येथे तेलघाणी, साबण, कुंभारकाम असे ग्रामोद्योग उभे केले.

६/ १९७० मध्ये सिडको आली. नव्या वसाहतींसाठी खाडीकाठच्या सखल जमिनींवर भराव पडला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच अतिवृष्टीत गाढी नदीचे पाणी पनवेलमध्ये शिरले.

७/ २०११ च्या जनगणनेनुसार आजच्या महापालिका क्षेत्रात पाच लाखांहून अधिक लोक राहत होते. एवढ्यांना कोणताही गड सामावून घेणार नाही. पाऊस, नदी, डोंगर, सुपीक खाचरे हे सारे पनवेलला लाभले. पण त्यांच्या भरवशावर जगणे शक्य झाले ते सामायिक राखणीमुळे.

८/ कर्नाळ्याची टाकी आजही टिकून आहेत, कारण ती खडकात आहेत. बांध मातीचा असतो. तो दरवर्षी राखावा लागतो. पनवेलची खरी सज्जता या बांधांत होती.